१९ आठवडे पहिला, तरी वर्षाच्या यादीत दुसरा: बिलबोर्डचा २०२४ चा हिशेब पटतो का?

ठेकेबाज (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० ची २०२४ ची वार्षिक यादी बघा. पहिलं टेडी स्विम्सचं ‘लूझ कंट्रोल’, दुसरं शबूझीचं ‘अ बार साँग (टिप्सी)’, सहावं रॅपर केंड्रिक लामारचं ‘नॉट लाइक अस’. साप्ताहिक यादीत ‘लूझ कंट्रोल’ अव्वल होतं ते एकच आठवडा, ३० मार्चचा. गाणंही जून २०२३ मधलं. शबूझी १९ आठवडे अव्वल राहिला, म्हणजे २०१९ च्या ‘ओल्ड टाउन रोड’च्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी, आणि तरी दुसरा!

दोष रेडिओचा आहे. गुणांत स्ट्रीमिंगबरोबर (ऑनलाइन ऐकणं) रेडिओही धरतात. गाडीत आपोआप कानावर पडलेलं गाणं आणि शोधून लावलेलं गाणं एका पारड्यात तोलतात. वार्षिक बेरजेतून रेडिओ वगळा, अशी माझी मागणी आहे.

आकडेमोड
असहमत. वर्षाची यादी शिखराची उंची मोजतच नाही, ती आठवड्या-आठवड्याचे गुण जोडते. आणि मुख्य गोष्ट तुम्ही सोडलीत: बिलबोर्डचं २०२४ हे जानेवारीत सुरू होत नाही. २८ ऑक्टोबर २०२३ ते १९ ऑक्टोबर २०२४ या तारखांच्या ५२ याद्या त्यात धरल्या. शबूझी हॉट १०० मध्ये आला २७ एप्रिलला, म्हणजे त्याच्या वाट्याला २६ याद्या आल्या. १९ पैकी १४ आठवडे या मुदतीत बसले, उरलेले ५ २०२५ च्या खात्यात गेले. अर्ध्या वर्षाच्या जमेवर दुसरा नंबर, ही मोठीच कामगिरी आहे. केंड्रिकला तर २३ च याद्या मिळाल्या.

लूपवाला
धागाकर्त्याशी निम्मा सहमत. केंड्रिकसारख्यांच्या रॅपचं नुकसान होतं हे खरं, पण ते कुठे होतं ते नीट बघायला हवं.

स्ट्रीमिंगमध्ये पैसे भरलेल्या खात्यावर ऐकलेल्याला जास्त वजन, जाहिराती असलेल्या फुकट खात्यावर ऐकलेल्याला कमी. रेडिओवर गाणं किती वेळा वाजलं एवढंच मोजत नाहीत, त्या वेळी अंदाजे किती जण ऐकत होते ते धरतात. त्यामुळे पहाटे तीनला वाजलेलं आणि सकाळी आठला कामावर जायच्या वेळी वाजलेलं यांच्या वजनात फार फरक पडतो. रॅप सिंगलची ताकद पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या स्ट्रीमिंगमध्ये असते. मेगन दी स्टॅलियनचं ‘हिस’ आणि फ्यूचर, मेट्रो बूमिन व केंड्रिकचं ‘लाइक दॅट’, दोन्ही थेट पहिल्या क्रमांकावर उतरली आणि वर्षाच्या पहिल्या दहात एकही नाही. पॉप आणि प्रौढ श्रोत्यांची स्टेशनं अशी गाणी क्वचितच लावतात, म्हणून स्ट्रीमिंग ओसरलं की गाण्याला वर धरून ठेवायला काही उरत नाही. त्यात वीस आठवड्यांनंतर ५० च्या खाली गेलेलं गाणं यादीतूनच काढतात.

‘बार साँग’ टिकलं कारण ते कंट्री, पॉप, अ‍ॅडल्ट पॉप आणि ऱ्हिदमिक अशा चारही प्रकारच्या रेडिओ याद्यांत पहिल्या दहात गेलं. त्याची मुख्य ओळ २००४ च्या जे-क्वॉनच्या रॅप गाण्यावर बेतलेली आहे, हेही विसरू नका. रेडिओ वगळलात तर तुमच्या शबूझीचंच नुकसान होईल.

ठेकेबाज
त्याचे काही गुण जातील, मान्य. पण टेडी स्विम्सचे जास्त जातील. आपल्या भारतीय रॅपर हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’ त्याच उन्हाळ्यात हॉट १०० मध्ये २३ पर्यंत चढलं ते स्ट्रीमिंगच्या जोरावर. रेडिओ हा अशा गाण्यांच्या वाटेतला अडथळाच आहे.

पाउंडशिलिंग
रेडिओ काढला की नवं गाणं जिंकेल, हे गृहीतक ब्रिटनमध्ये तपासून पाहता येतं. तिथल्या अधिकृत यादीत रेडिओ मोजतच नाहीत, आणि वर्षही जानेवारी ते डिसेंबर. २०२४ चं तिथलं अव्वल गाणं? नोआ काहानचं ‘स्टिक सीझन’, मूळ २०२२ चं.

उलट तिथे जुन्या गाण्यांना खाली ढकलायचा नियम आहे. सशुल्क १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री, फुकट ६०० म्हणजे एक. गाणं यादीत किमान नऊ आठवडे झालं आणि सलग तीन आठवडे बाजाराच्या तुलनेत घसरलं, की हे प्रमाण दुप्पट होतं: २०० आणि १२००. एवढं करूनही जुनंच गाणं वरचढ ठरलं. लोक स्वतः निवडून ऐकतात तेव्हाही तेच तेच ऐकतात.

ठेकेबाज
ब्रिटनचं उदाहरण वजनदार आहे. तरी त्यातून माझीच दुसरी मागणी पुढे येते: मुदत जानेवारी ते डिसेंबर करा. शबूझीची शरद ऋतूतली घोडदौड दोन वर्षांत चिरली गेली, हा अन्याय आहेच.

आकडेमोड
यादी डिसेंबरात जाहीर करायची तर मुदत आधी संपवावीच लागते. शिवाय ती कुठेही संपवा, कोणीतरी चिरलं जाणारच.

एक सूचना मात्र करतो, कारण अशा वादात लोक घरी यादी मांडू लागतात. साप्ताहिक गुण बिलबोर्ड छापत नाही, म्हणून पहिल्याला १००, दुसऱ्याला ९९, शंभराव्याला १ अशी बेरीज करतात. ती करू नका. तिच्यात शबूझीला २६ आठवड्यांत कमाल २६०० मिळतील, आणि ५२ आठवडे ५० व्या जागेवर रेंगाळलेलं गाणं दर आठवड्याला ५१ प्रमाणे २६५२ कमावून त्याच्या पुढे जाईल. खऱ्या गुणांत पहिल्या आणि पन्नासाव्या गाण्यातलं अंतर कितीतरी पट असतं.