ट्रंपेटचा माउथपीस ७सी वरून ३सी? आणि कॉर्नेटला कुठला माउथपीस?

नवी_फुंक
ट्रंपेट बी-फ्लॅट, एमएल बोअर (नळीचा आतला व्यास ११.६६ मिमी), माउथपीस (ओठ टेकवून फुंकायचा सुटा भाग) बाख कंपनीचा ७सी. रियाज रोज तासभर. अर्ध्या-पाऊण तासानंतर स्टाफच्या (नोटेशनच्या पाच रेघांच्या) डोक्यावरचा जी चिरका होतो, त्यावरचा ए तर निसटतोच. ३सी घ्या असं जो तो सांगतो. एक उसना आणून लावला. आवाज भरीव आला, पण हा माउथपीस ७सीपेक्षा जास्त आत जातो आणि वरचे सूर डळमळतात.
शिवाय आता कॉर्नेटही (ट्रंपेटसारखंच, पण आटोपशीर वाद्य) वाजवायचा आहे. त्यात ट्रंपेटचा माउथपीस शिरत नाही. कॉर्नेटचा ७सी घ्यावा की वेगळं काही? यामाहाचा ११बी४, डेनिस विकचा ४बी अशा दुसऱ्या कंपन्यांच्या आकड्यांचा ताळमेळ कसा लावायचा?

पितळखोर
आधी आकडे, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. बाखमध्ये आकडा जितका लहान तितकं तोंड रुंद. विकमध्येही तसंच. यामाहात नेमकं उलट. अक्षरं कपाची (आतल्या वाटीची) खोली सांगतात, त्यांचीही तीच गत: बाखचा ए सर्वांत खोल आणि ई उथळ, तर यामाहाचा ए उथळ आणि ई खोल. बाखवर अक्षरच नसेल तर तो कप सी पेक्षा खोल समजायचा. विकच्या कॉर्नेट माउथपीसमध्ये नुसता ४ खोल, ४बी त्याहून कमी.

मिलिमीटर बघून ठरवायला जाल तर आणखी फसाल. बाखच्या कॅटलॉगात ७सी १६.२० मिमी, ५सी १६.२५, ३सी १६.३०. म्हणजे ७ आणि ३ मध्ये फरक ०.१० मिमी, वहीच्या एका पानाएवढा! ओठाला मात्र तो त्याहून कितीतरी मोठा वाटतो. यामाहात ७सीचा भाऊ मानला जाणारा ११बी४ आहे १६.४६ आणि ३सीच्या जवळचा १४बी४ आहे १६.८८. यात लबाडी कुणाची नाही. रिमची (ओठ टेकतो त्या कडेची) आतली बाजू गोल उतरत कपात मिसळते, तिला ठरावीक काठ नसतो. कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) किती खोलीवर टेकवला त्यावर आकडा बदलतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही ठरवू नका, रिम ओठाला लावून बघा.

आता मूळ दुखणं. अर्ध्या तासाने जी जातो, त्यावर ३सी हा इलाज नाही. रुंद तोंडात ओठाचा जास्त भाग थरथरतो, त्यामुळे आवाज भरतो, पण तेवढा भाग आवरून धरायला ओठांच्या कोपऱ्यांना जास्त राबावं लागतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दम वाढायच्या ऐवजी घटेल. वर जाताना माउथपीस ओठांवर रेटला जातो का, हे आधी तपासा. वाजवून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनीही ओठावर गोल वळ ठळक दिसत असेल तर रेटताय.

उलटासूर
बाकी मान्य, पण ३सीला इतकं बदनाम करू नका. ७सीची आतली कड धारदार असते. ज्यांचे ओठ जाड आहेत त्यांना ती टोचते, मग ते नकळत जागा बदलत राहतात. अशांना ३सीवर दमही जास्त मिळतो. अट एकच: महिनाभर तोच लावायचा. आज हा, उद्या तो असं केलंत तर काहीच कळणार नाही.
आणि थ्रोट (कपाच्या तळाचं भोक) मोठा करून घ्या म्हणणारे भेटतीलच. बाखचा नेहमीचा थ्रोट २७ नंबरच्या ड्रिलचा, ३.६६ मिमी. २४ नंबर म्हणजे ३.८६. वाचायला किरकोळ, पण भोकाचं क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढतं आणि फुंक जास्त खर्च होते. एकदा पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

गॅपवाला
रुंदीवर सगळे बोलले. पण प्रश्नातलं ‘जास्त आत जातो आणि डळमळतो’ हे कुणी उचललंच नाही. इथे दोष कपाचा नसून शँकचा (माउथपीसच्या वाद्यात शिरणाऱ्या दांडीचा) असू शकतो.

माउथपीसची शँक रिसीव्हरमध्ये (वाद्याच्या तोंडाशी असलेल्या खोबणीत) बसते तेव्हा तिचं टोक आणि आतल्या लीडपाईपची (वाद्याच्या पहिल्या नळीची) सुरुवात यांत थोडी फट राहते. साधारण ३ मिमी हा चालणारा आकडा. प्रत्येक वाद्याला नेमका तोच मानवतो असं नाही. फट फार कमी झाली किंवा टोक लीडपाईपला टेकलं की सूर जागेवर बसत नाहीत, आणि टेकलं तर माउथपीस हलायलाही लागतो. फट फार वाढली की सूर उशिरा उठतो.

मोजायचं असं. कागदाची क्लिप सरळ करा, एका टोकाला दीड-दोन मिमीचा हूक वळवा आणि तो कानशीने बोथट करा, नाहीतर आत ओरखडे पडतील. रिसीव्हरच्या भिंतीला घासत क्लिप आत सोडा. लीडपाईपच्या कडेवर हूक अडकला की रिसीव्हरच्या तोंडापाशी तारेवर खूण करा. ही खोली अ. मग माउथपीस नेहमीसारखा हलकेच फिरवून बसवा, रिसीव्हरच्या तोंडाशी शँकवर पेन्सिलीची रेघ ओढा, बाहेर काढून रेघेपासून टोकापर्यंत मोजा. ही ब. अ वजा ब म्हणजे फट. दोन्ही माउथपीसचं करा.

त्याच वेळी शँकवर मार्करने लांबीच्या दिशेने चार रेघा ओढून, बसवून, किंचित फिरवून काढा. शाई सगळीकडे सारखी पुसली तर उतार जुळतोय. फक्त एका टोकाला पुसली तर दोन्हींचा उतार वेगळा आहे. तिथे शँकवर कागद गुंडाळण्याचे वगैरे उपाय चालणार नाहीत.

कॉर्नेटी
कॉर्नेटपुरतं. ट्रंपेटच्या शँकचं टोक बाहेरून सुमारे ९.७ मिमी, कॉर्नेटचं सव्वाआठच्या आसपास. तासून बसवायचा विचारही नको. टोकाशी शँकची भिंत मुळातच पातळ असते, घासत गेलात तर बॅकबोअरच (शँकच्या आतली पोकळी) उघडा पडेल. कॉर्नेटचा माउथपीस ट्रंपेटला लावायची कॉलर मिळते, पण तीही सरावापुरतीच बरी.

घ्यायचा कुठला? रिम सवयीची ठेवा, कप खोल घ्या. बाखच्या कॉर्नेट ७सीचा कप ट्रंपेटसारखाच वाटीचा असल्याने आवाजही तसाच खणखणीत येतो. कॉर्नेटची गोलाई हवी असेल तर नरसाळ्यासारखा निमुळता खोल कप लागतो. ब्रिटिश धर्तीच्या ब्रास बँडमध्ये ४बी सर्रास दिसतो, पण ७सीच्या सवयीला त्याचं तोंड रुंद लागेल.
माउथपीस बदलल्यावर ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) नव्याने लावा. ती १ सेंमी ओढली की नळी २ सेंमी वाढते. बी-फ्लॅट ट्रंपेट किंवा कॉर्नेटची नळी सुमारे १४८ सेंमी असते, त्यामुळे सूर जवळजवळ पाव सेमीटोन उतरतो.

नवी_फुंक
मोजलं. अ २५ मिमी. ब ७सीला २२, ३सीला २४.५. शाई दोन्हींवर सारखी पुसली. वळ पंधरा मिनिटं टिकतो, तेव्हा रेटणं चालू आहे हे कबूल.

गॅपवाला
म्हणजे फट ७सीला ३ आणि ३सीला अर्धा मिमी. तुम्ही दोन कपांची नव्हे, दोन फटींची तुलना करत होतात. शँकचा उतार साधारण २० ला १, म्हणजे अडीच मिमी जास्त आत जायला शँक फक्त ०.१२५ मिमीने बारीक असली तरी पुरे. जुना माउथपीस पॉलिश करून पुन्हा मुलामा दिलेला असेल तर एवढी झीज सहज होते.

उपाय कागदाचा. वहीचं पान नको: ०.१ मिमी जाडीचा कागद दोन्ही बाजूंनी मिळून व्यास ०.२ ने वाढवतो आणि माउथपीस ४ मिमी बाहेर येतो. छापील बिलाचा पातळ कागद घ्या, जाडी ०.०५ ते ०.०६. त्याने माउथपीस २ ते २.४ मिमी बाहेर येईल आणि फट तीनच्या जवळ पोचेल. ३० मिमी लांब पट्टी शँकभोवती एकच वेढा गुंडाळा, कडा एकमेकींवर येऊ देऊ नका, नाहीतर माउथपीस तिरका बसतो. पट्टी शँकच्या टोकाच्या पुढे जाता कामा नये. दोन-तीन दिवस वाजवून बघा. सूर बसले तर ३सी परत करा आणि नवा, न झिजलेला घ्या. नाही बसले तर ७सीवरच रेटणं कमी करायला लागा.

कागद लावलेला माउथपीस तळहाताने ठोकून बसवू नका. अडकलाच तर पकड लावून पिळू नका, लीडपाईपचा टाका सुटतो. त्यासाठी माउथपीस पुलर असतो, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे मिळेल.

पितळखोर
आणि माउथपीस काढलेला असतानाच लीडपाईप कोमट पाण्याने आणि लवचिक ब्रशने साफ करा. आत हिरवट थर असेल तर कुठलाही माउथपीस कोंदटच वाजेल. उकळतं पाणी नको, लॅकर (पितळेवरचा चमकदार लेप) सुटतं.