बदललेल्या चाचणी-फाइलींचा सीआरसी कुठे दुरुस्त करावा?

प्रश्न: सोलापुरातील आमच्या जॅकार्ड चादरींच्या नक्षी-सॉफ्टवेअरमधील पीएनजी (चित्र-फाइलींचा एक प्रकार) वाचणाऱ्या भागाची मी एएफएल प्लस प्लस या साधनाने फझ चाचणी (फाइलींत आपोआप बदल करून प्रोग्राम कुठे कोसळतो ते पाहणे) घेत आहे, परंतु सीआरसी (डेटा बदलला आहे का हे ओळखण्यासाठीची तपासणी-संख्या) न जुळल्यामुळे बहुतेक बदललेल्या फाइली पहिल्याच तपासणीत नाकारल्या जातात. ही तपासणी काढून टाकावी काय?

उत्तर १: चाचणीसाठी वेगळ्या तयार केलेल्या प्रोग्रामपुरती (बिल्डपुरती) ती वगळता येते आणि तो मार्ग सोपाही आहे, मात्र मग सापडलेली क्रॅश-फाइल (प्रोग्राम कोसळवणारी फाइल) मूळ प्रोग्रामवर तशीच चालवून दोष दाखवता येत नाही.

उत्तर २: म्हणूनच मी कस्टम म्युटेटरमधील (एएफएल प्लस प्लसला जोडायचा, फाइली बदलणारा आपला स्वतःचा कोड) पोस्ट-प्रोसेस फंक्शन सुचवीन, कारण ते बदल झाल्यानंतर आणि प्रोग्राम चालण्यापूर्वी बोलावले जाते. पीएनजी फाइलीतील प्रत्येक चंकची (डेटाच्या तुकड्याची) 4 बाइटांची लांबी वाचून, चंकचा प्रकार आणि डेटा यांवरच (लांबीवर नव्हे) सीआरसी-32 काढून तो चंकच्या शेवटच्या 4 बाइटांत लिहावा. बदललेली लांबी फाइलीच्या बाहेर जात असेल, तर तिथेच थांबून उर्वरित बाइट जसेच्या तसे ठेवावेत. नाहीतर दुरुस्ती करणारा कोडच कोसळेल, आणि हे फार वेळा दुर्लक्षिले जाते.

उत्तर ३: सहमत. काही फाइली मुद्दाम दुरुस्त न करता सोडाव्यात, म्हणजे चूक हाताळणारा कोडही तपासला जाईल. परंतु ही निवड फाइलीतील बाइटांवरून ठरवावी, यादृच्छिक ठेवू नये, अन्यथा तीच फाइल दर वेळी वेगळी वागेल.