आईचं जलरंगचित्र लंडनच्या समर एक्झिबिशनला पाठवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रॉयल अकॅडमीचं समर एक्झिबिशन १७६९ पासून एकही वर्ष न चुकता भरतं आणि त्यासाठी कुणीही चित्र पाठवू शकतं. आईचं रंकाळ्याचं जलरंगचित्र तिथे जावं अशी फार इच्छा आहे. पहिली फेरी फोटोवरच होते, ते जमेल. पण पुढे निवड झाली तर मूळ चित्र पिकॅडिलीच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये पोचवावं लागतं. हाफ इंपीरियल (साधारण १५ × २२ इंच) हँडमेड कागद आहे, पाण्यावरची चमक कागदाचा पांढरा राखून आणलीय. एक घडी पडली की संपलं. कोल्हापूरहून गुंडाळून पाठवावं आणि फ्रेम लंडनलाच करावी का? चित्र विक्रीसाठी असेल तर कस्टम्सला कोणती कागदपत्रं लागतात? तिकडच्या कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.