शालेय मंत्रिमंडळात राखीव पद कशाला?

धरमपेठचा पालक:
बालदिनी आमच्या शाळेत सहावीच्या मुलांना रूबी ब्रिजेसची गोष्ट सांगण्यात आली. ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी १४ नोव्हेंबर १९६० रोजी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत गेली. इथवर ठीक होते. परंतु त्यानंतर शालेय मंत्रिमंडळातील एक पद आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर आलेल्या मुलांसाठी राखून ठेवण्यात आले. वर्गात कोण कोणत्या कोट्यातून आला, हे मुलांना ठाऊकही नव्हते. जात, वर्ण आणि निवडणूक या गोष्टी शाळेच्या फाटकाबाहेरच राहू द्याव्यात.

इंदोऱ्याची निवृत्त शिक्षिका:
‘ठाऊकही नव्हते’ हे वाचल्यावर गप्प बसवेना. डब्यावरून, बुटांवरून, सहलीचे पैसे कोणी भरले नाहीत यावरून मुलांना सगळे कळते. आमच्या शाळेत तास चालू असताना शिपाई दारात येऊन ‘शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा, दाखल्याची झेरॉक्स कोणाची राहिली?’ असे ओरडायचा. उभी राहिलेली मुले फरशीकडे पाहत राहायची आणि बसलेली मुले त्यांना मोजत राहायची. तेव्हा जात वर्गात आली म्हणून एकाही पालकाने तक्रार केली नाही. रूबीच्या वर्गातूनही गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली आणि शिक्षिका बार्बरा हेन्री यांनी वर्षभर तिला एकटीलाच शिकवले. फाटकाचे म्हणाल, तर सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना आरटीई प्रवेशांतून सूट देणारा फेब्रुवारी २०२४ मधील शासनाचा नियमबदल उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केला नसता, तर कोण बाहेर राहिले असते, तेही सांगा.

धरमपेठचा पालक:
तुमच्या शिपायाचे पाप माझ्या माथी मारू नका आणि मला न्यू ऑर्लिन्सच्या जमावातही नेऊन उभे करू नका. तुमचा अनुभव तर माझेच म्हणणे सिद्ध करतो, कारण राखीव पदासाठी त्या मुलाला पुन्हा सर्वांसमोर उभेच राहावे लागणार आहे.

महालातील वकील:
या पदासाठी मतदान कोणी केले, हा खरा प्रश्न आहे. संपूर्ण वर्गाने केले असेल, तर तो गांधी-आंबेडकरांमधला १९३२ चा पुणे करारच झाला: दलितांच्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु फक्त दलितांनीच मत देऊन आपला प्रतिनिधी निवडायचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. ज्याला सर्वांची मते हवीत, तो सर्वांना न दुखावणारेच बोलतो. १९४२ साली आपल्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा मांडली गेली, ती उगाच नव्हे.

उत्तर नागपूरकर:
वकीलसाहेब, आमचा विधानसभा मतदारसंघ राखीवच आहे. तुमचे दुखणे आम्हाला ऐकून नव्हे, सोसून ठाऊक आहे. पण म्हणून जागाच निरर्थक ठरवणार का? १०४ व्या घटनादुरुस्तीने आमच्या जागांची मुदत २०३० पर्यंत वाढवली आणि अँग्लो-इंडियन समाजाची लोकसभा-विधानसभांतील नामनियुक्ती संपवली, त्यावर किती जण बोलले? ज्यांच्या मतांची कोणाला गरज नसते, त्यांच्या जागा अशाच जातात.

महालातील वकील:
मी जागा निरर्थक म्हटलेले नाही. वाचून मग चिडावे, ही विनंती.

गोंड विद्यार्थी, काटोल रोड:
नागपूर वसवले गोंड राजा बख्त बुलंद शहाने आणि माझ्या शाळेत या शहराचा इतिहास सुरू व्हायचा भोसल्यांपासून. मंत्रिपद राहू द्या, आधी फळ्यावर तरी आम्हाला जागा द्या.

इंदोऱ्याची निवृत्त शिक्षिका:
हे मात्र अगदी खरे. आता मूळ गृहस्थांना एकच विचारते: राखीव ठेवलेले पद कोणते होते?

धरमपेठचा पालक:
स्वच्छतामंत्री.

उत्तर नागपूरकर:
वा! शिक्षणमंत्री, क्रीडामंत्री खुल्या गटात आणि झाडू राखीव गटात!

धरमपेठचा पालक:
माझा विरोध पदाला नव्हे, आरक्षणालाच आहे. तरीही, राखीव ठेवायला शाळेला नेमके हेच पद सुचावे, हे अशोभनीय आहे, एवढे मान्य करतो. तुम्ही जिंकलात असे मात्र समजू नका.

इंदोऱ्याची निवृत्त शिक्षिका:
समजत नाही. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायला जाणार असाल तर कळवा; मीही येते, आणि वकीलसाहेबांनाही घेऊ, पण पुणे करार घरी ठेवून.