सरकारी ऊर्जा कंपन्यांतला हिस्सा विकावा का?

कंदीलवाला
मी विकण्याच्या बाजूने आहे, पण ताबा सरकारकडे ठेवूनच. कंपनी शेअर बाजारात आली की दर तिमाहीला हिशेब उघडे करावे लागतात आणि मंत्र्याच्या मेव्हण्याला संचालक करताना चारदा विचार होतो. नॉर्वेने २००१ मध्ये आपली सरकारी तेल कंपनी स्टॅटऑइल बाजारात आणली. आज तिचं नाव इक्विनॉर, आणि ६७ टक्के हिस्सा अजून सरकारचाच. काय बिघडलं?

हिशेबनीस
नॉर्वे सांगायचा तर पुरता सांगा! तेलक्षेत्रांतला सरकारचा थेट वाटा होता, त्यातला बहुतेक त्यांनी विकलाच नाही. तो सांभाळायला त्याच वर्षी पेटोरो ही पूर्ण सरकारी कंपनी काढली. वर तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर. म्हणजे दुकानात भागीदार घेतले, गोदामाची किल्ली कमरेलाच. ही तजवीज नसेल तिथे हिस्सा विकणं म्हणजे बियाणं दळून खाणं. यंदाची तूट भरते, दरसालचा लाभांश जातो.

उंटावरचा शहाणा
जातो, पण फुकट नाही जात. शेअरची किंमत म्हणजे पुढच्या लाभांशाचंच आजचं मोल. आलेल्या पैशाने कर्ज फेडलं आणि गेलेल्या लाभांशापेक्षा जास्त व्याज वाचलं, तर बियाणं कुठे दळलं? पगारावर उडवले तर मात्र हिशेबनीसांचं बरोबर.

वळचण
तुम्ही सगळे तेलावरच बोलताय. तेल जागतिक भावाने विकता येतं, वीज मतदाराच्या घरात जाते. इथेच घोडं पेंड खातं. फ्रान्सची सरकारी वीज कंपनी ईडीएफ, तिचा शेअर २००५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांना ३२ युरोला दिला. २०२२ मध्ये विजेचे भाव भडकले, तेव्हा सरकारने कंपनीला जादा वीज ठरवून दिलेल्या स्वस्त दराने प्रतिस्पर्ध्यांना द्यायला लावली. नेमक्या त्याच वर्षी गंजामुळे तिच्या कितीतरी अणुभट्ट्या बंद. शेवटी २०२३ मध्ये सरकारने उरलेले शेअर १२ युरोने परत घेतले. छोट्या भागधारकाने कोणाकडे बघायचं?

कंदीलवाला
हा दोष विक्रीचा नाही, लुडबुडीचा आहे. ग्राहकाला सवलत द्यायची तर तिजोरीतून उघड अनुदान द्या, कंपनीच्या खिशातून कशाला?

वळचण
अहो, भाव दुप्पट झाल्यावर कुठलं सरकार हाताची घडी घालून बसेल? बसूही नये. ताबा ठेवायचा तो अशाच वेळेसाठी ना? मग भागधारकाला आधीच सांगा, की अडचणीच्या वर्षी तुझा नफा आमचा. त्या अटीवर शेअरला काय भाव येतो ते बघू.

हिशेबनीस
लोकांना विचारलं तरी ऐकतं कोण? न्यूझीलंडने कायद्याने ५१ टक्के राखून वीज कंपन्यांचे शेअर विकायला काढले. २०१३ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतं विरोधात पडली. सार्वमत बंधनकारक नव्हतं, आणि तोवर दोन कंपन्यांची विक्री झालेली. तिसरी पुढच्या वर्षी विकली.

कंदीलवाला
वळचण, अटीचा मुद्दा मान्य, माहितीपत्रकात तो पहिल्या पानावर हवा. पारेषणाच्या तारांनाही मी हात लावणार नाही. तारांचं जाळं एकच असतं, तिथे स्पर्धा होणार कोणाशी? तेलाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.