मदत हवी आहे: एबोलाच्या चौकटीत कोणता प्राणी काढू?

नववीच्या मुलांसाठी एक भित्तीतक्ता करतेय: दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू राहतो कुठे? डावीकडे रोग, उजवीकडे त्याला पोसणारा प्राणी. निपाहसमोर फळं खाणारी मोठी वटवाघळं, लासासमोर आफ्रिकेतला मास्टोमिस उंदीर. मारबर्गची तर चिंताच नव्हती. २००७ साली युगांडातल्या किटाका खाणीत कामगार आजारी पडले आणि त्याच खाणीतल्या इजिप्शियन वटवाघळांमध्ये जिवंत विषाणू सापडला.

घोडं अडलंय ते एबोलापाशी. विषाणू १९७६ पासून ठाऊक आहे, मारबर्गचा तर सख्खा भाऊच. तरी एकीकडे ‘वटवाघूळ’ असं ठणकावून लिहिलेलं, दुसरीकडे ‘अजून सिद्ध नाही’. गोरिला-चिंपांझी मी आधीच खोडले, कारण ते स्वतःच एबोलाने पटापट मरतात. मग वटवाघूळ काढू की चौकट रिकामी ठेवू? जाणकारांनी सांगावं. (चित्रकला बेताची आहे, रिकामी चौकट चालेल!)

प्रतिसाद १
वटवाघूळ काढा, पण तुटक रेषेने. २००५ साली मध्य आफ्रिकेतल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या ३ जातींमध्ये एबोलाच्या अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) आणि विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे जनुकीय द्रव्याचे, तुकडे मिळाले. जिवंत विषाणू मात्र नाही. अँटिबॉडी म्हणजे कधीतरी विषाणूशी गाठ पडली होती, एवढंच. विषाणू तिथे नांदतो असं नव्हे.

मारबर्ग सापडला त्यात जागेचाही हात आहे. ती वटवाघळं एकाच गुहेत हजारोंनी दाटीवाटीने राहतात, त्यामुळे शेकडो पकडून तपासता येतात. एबोलासाठी संशयित असलेली झाडांवर विखुरलेली. त्यात विषाणू अंगात थोडेच दिवस असतो, आणि माणसांत साथ ओळखू येईपर्यंत जंगलातली मूळ घटना होऊन आठवडे उलटलेले असतात.

प्रतिसाद २
शेजारी माणूसही काढा. २०२१ साली गिनीत एबोला उद्भवला, तेव्हा त्या विषाणूची जनुकीय रचना २०१४-१६ च्या साथीतल्या विषाणूशी जवळजवळ जुळली. प्राण्यांत फिरत राहिला असता तर एवढ्या वर्षांत बरेच बदल साठले असते. निष्कर्ष असा निघाला की तो बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी शरीरात पाचेक वर्षं दबून होता. वीर्य, डोळ्याचा आतला भाग अशा ठिकाणी रोगप्रतिकारशक्तीचा पहारा सैल असतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. तुटक रेषेचं वटवाघूळ नक्की. माणसाच्या चित्राने मात्र धास्ती वाटतेय. असं पुन्हा उद्भवणं अगदी विरळा, पण मुलांच्या डोक्यात ‘बरा झालेला रोगी म्हणजे धोका’ एवढंच राहायचं. त्या चित्राखाली एक ओळ लिहायची तर काय लिहाल?