बेकरीचं यीस्ट द्राक्षबागेत ड्रिपमधून सोडायचं का?

उगावचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. उगावला (ता. निफाड) तीन एकर थॉमसन द्राक्ष आहे. जमीन भारी काळी, खाली चुनखडी. गोडी छाटणी (घडांसाठीची) तोंडावर आलीय. जिवामृत (शेण, गोमूत्र, गूळ घालून आंबवलेलं पाणी) गाळून ड्रिपमधून सोडतो. यंदा बॅरलवर पांढरी, सुरकुतलेली साय धरली. वास आंबूस-गोडसर, काठी घातली की फेस वर येतो. दुकानात विचारलं तर म्हणाले हे यीस्ट आहे, माल खराब झाला, ओतून द्या. तिथेच बसलेले एक बागायतदार म्हणाले, उलट चांगलं आहे, बेकरीतून अर्धा किलो कोरडं यीस्ट आणा, गुळाच्या पाण्यात भिजवून बोदावर (वेलीखालच्या मातीच्या उंच वरंब्यावर) सोडा, पांढरी मुळी जोरात चालते. आता कुणाचं ऐकू? मातीत मुळात यीस्ट असतं का? असेल तर विकतचं कशाला टाकायचं? नीट माहिती असलेल्यांनीच सांगा, छाटणीनंतर चुकीला जागा नसते.

कराडचा_ऊसवाला
दादा, ओतून देऊ नका. बॅरल सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा आणि आठवड्याच्या आत संपवा. न ढवळता राहिलं की वर साय धरतेच. बाकी यीस्टचं ताई सांगतील, त्यांचा विषय आहे.

मातीवाली_ताई
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, मातीतलं यीस्ट हा माझा जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे जरा लांबेल.

मातीत यीस्ट असतं, तुमच्या बोदातही आहे. ग्रॅमभर मातीत जिवाणू कोट्यवधी असतात, त्यापुढे यीस्ट थोडं: कुठे शेकड्यांत, बहुतेक ठिकाणी हजारांत, कधी लाखांत. मुळांलगत जास्त, कारण मूळ साखर आणि आम्लं पाझरत असतं आणि त्यावर ही मंडळी जगतात.

पण मातीतलं यीस्ट आणि पावातलं यीस्ट ही वेगळी घराणी. मुलांकडून मी दरवर्षी शेतातली माती पातळ करून प्लेटवर पसरून घेते. प्लेटवरच्या माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालतो, म्हणजे जिवाणू दबतात. तीन-चार दिवसांत बुरशीचा कापूस पसरायला लागतो आणि त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत चकचकीत ठिपके दिसतात. गुलाबी-केशरी ठिपका बहुधा रोडोटोरुला. पांढुरके बरेचसे पूर्वी क्रिप्टोकॉकस म्हणायचे त्या गटातले. आणि एखादा इतका बुळबुळीत की प्लेट तिरकी केली की ओघळतो. तो लिपोमायसिस असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशीत तेलाचा टपोरा थेंब दिसतो, भोवती चिकट वेष्टण. हे वेष्टण पाणी धरतं, मातीचे कण एकमेकांना चिकटवतं, आणि माती सुकली तरी पेशी तग धरते. मला स्वतःला मातीच्या दृष्टीने हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

यीस्टच्या काही जाती मुळांजवळ ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक तयार करतात, त्याने मुळी फुटायला मदत होते. काही आम्ल सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. पण तुमच्याकडे चुनखडी आहे, ते आम्ल चुना आधीच मारतो. तिथे फार आशा धरू नका.

बेकरीचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस. त्याला साखर लागते. द्राक्षबागेच्या मातीतही ते क्वचितच सापडतं, निरोगी मण्यावरसुद्धा दुर्मीळ. बागेत फिरतं ते लिंबासारख्या आकाराच्या पेशींचं दुसरं यीस्ट. डेन्मार्कच्या एमिल हान्सेनने १८८० च्या दशकातच दाखवलं होतं की ते उन्हाळ्यात पिकल्या फळांवर वाढतं, फळ आणि पावसाबरोबर जमिनीवर येतं आणि हिवाळा मातीत काढतं.

मग बेकरीचं घातलं तर? विष नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की टोमॅटोचं मूळ यीस्टच्या पेशी आत घेऊन पचवूही शकतं. म्हणजे ते खत ठरतं. आता हिशोब करा: कोरड्या यीस्टमध्ये नत्र सात-आठ टक्के. अर्ध्या किलोत फार तर ४० ग्रॅम. म्हणजे ९० ग्रॅमसुद्धा युरिया नाही, आणि तोही तीन एकरांत! त्यावर पांढरी मुळी धावेल असं मला वाटत नाही.

उगावचा_बागायतदार
ताई, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मग बोदातलं आहे ते वाढवायचं कसं? आमच्याकडे डाऊनी रोगासाठी बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) फवारणी होतेच.

मातीवाली_ताई
बोर्डोतलं तांबं मातीत कुजत नाही, वरच्या थरात साठत जातं. डाऊनी आली तर घड जातील, त्यामुळे फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण गरज नसताना बोदावर बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळाशी औषध ओतणं) टाळा. यीस्ट हीसुद्धा बुरशीच आहे, औषधाला ते वेगळं ओळखता येत नाही. जिवामृत सोडाल त्याच्या आगेमागे तर ड्रेंचिंग नकोच. छाटणीच्या निरोगी काड्या बारीक करून बोदावर पसरा, वर कुजलेलं शेणखत. रोगट काड्या मात्र बागेबाहेर.

साय कशाची आहे हे नुसतं बघून मी सांगणार नाही. वास आणि फेसावरून यीस्टचा संशय येतो, पण काही जिवाणूही अशीच साय धरतात. जवळच्या कॉलेजात स्लाइड करून घ्या. पेशीला बाजूने कोंब फुटलेला दिसला तर यीस्ट.

कराडचा_ऊसवाला
दादा, तरी बेकरीचं बघायचंच असेल तर दोन ओळींवरच बघा, शेजारच्या दोन तशाच सोडा. बोद उकरून मुळी समोरासमोर बघितल्याशिवाय काही कळत नाही.

उगावचा_बागायतदार
बेकरीचं राहू दे, पैसे शेणखतात घालतो. उद्या पिंपळगावला चाललोय, सायीची बाटली बरोबर नेतो.

मातीवाली_ताई
बाटली अर्धीच भरा आणि झाकण सैल ठेवा. आत गॅस धरतो, गाडीत फुटेल. आणि ढवळायच्या आधी काढा, साय अख्खी यायला हवी.